औंधचे राजे आणि त्यांचे संग्रहालय

ढाल हा शब्द उच्चारताच आपणां सातारा-सांगलीकडील मुलांच्या डोळ्यांपुढे जे चित्र उभे राहते ते बहुधा एकच असते. गेंड्याच्या अथवा म्हशीच्या कातड्याची वाटोळी काळी पाठ, तिजवर पितळेची चार फुले आणि आत मूठ धरण्यासाठी गादी लावलेले पट्टे. ही फुले केवळ शोभेची नव्हत. मुठीच्या कड्या ज्या खिळ्यांनी पक्क्या होत त्यांची टोके त्यांखाली झाकलेली असत. आमच्याकडे ढालीचे सौंदर्य असे कामातूनच उगवले. परंतु ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येस, मेलानेशिया या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बेटांच्या माळेत जो सॉलोमन द्वीपसमूह आहे, तेथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास एक निराळ्याच तऱ्हेची ढाल होत असे. आमच्या बुरुडाने जसे सूप वा टोपली विणावी तशी ही लांबट ढाल वेताने विणीत. विणीचे काम बहुतकरून ग्वाडलकनाल बेटावर होई आणि तेथून त्या ढाली व्यापाराने सांता इझाबेल व फ्लोरिडा या बेटांवर जात. अशा साध्या, लढाऊ ढालींपैकी थोड्यांना मग कलावंताचा हात लागे. एका रानफळाच्या बियांतील गर कुटून त्याचे लुकण करावयाचे, ते ढालीच्या तोंडावर लिंपावयाचे, आणि ते ओले असतानाच त्यात नॉटिलस नामक सागरी शंखाचे शेकडो बारीक तुकडे एकेक करून बसवावयाचे. मध्यभागी हात वर केलेली सडपातळ मनुष्याकृती, तिच्या भोवती व पायांखाली लहान लहान मुखे, आणि मधल्या जागेत तांबडा व काळा रंग. या शंखाच्या अंगी मोत्यासारखी झळाळी असल्याने ढाल हलली की सारा नक्षीकाम हलल्यासारखा दिसे. असले नाजूक काम तलवारीच्या अथवा सोट्याच्या एका घावासरशी झडून पडेल हे उघड आहे. तेव्हा ह्या ढाली लढण्यासाठी नसून सरदारांच्या मिरवण्यासाठी असाव्यात असे जाणते लोक मानतात.

अशा जडावाच्या ढाली आज साऱ्या जगात मोजून दोन डझनांच्या आसपास उरल्या आहेत, आणि त्या बहुतेक सर्व लंडन, न्यूयॉर्क अशा दूरदूरच्या नगरांतील संग्रहालयांत आहेत. ज्याच्या पणजोबाने ते तुकडे बसविले असतील त्या बेटकऱ्यास आपल्या घराण्याची ती कारागिरी पाहावयाची तर महासागर ओलांडला पाहिजे. संग्रहालयांनी ह्या वस्तू राखल्या, नाहीतर त्या वाळवीने खाल्ल्या असत्या, हे खरे. पण वस्तू जेथे राहिली तेथे तिचा माणूस नाही आणि माणूस जेथे आहे तेथे त्याची वस्तू नाही, हेही तितकेच खरे. सुंदर वस्तू जपावी कोठे आणि कोणासाठी, हा प्रश्न काही सॉलोमन बेटांपुरता नाही. आमच्या सातारा जिल्ह्यातील एका राजाने त्याचे एक उत्तर आपल्या हयातीत दगडचुन्याने बांधून ठेविले. ते राजे म्हणजे औंधचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. त्यांच्या चरित्राची थोडी ओळख येथे करून द्यावयाची आहे.

पंतप्रतिनिधींचे घराणे तलवारीवरच वर आले. मूळ पुरुष परशुराम त्रिंबक हे किन्हईचे. राजाराम महाराजांच्या काळी, मोगली फौजा महाराष्ट्रभर पसरल्या असता, पन्हाळा व विशाळगड या मुलखात त्यांनी जे शौर्य व जी चिकाटी दाखविली तिचे फळ म्हणून ते पुढे प्रतिनिधिपदास चढले. प्रतिनिधी म्हणजे छत्रपतींच्या जागी उभा राहणारा. अष्टप्रधानांहूनही त्याचा मान वरचा. पुढे पेशवाई वाढली तसा हा मान ओसरत गेला आणि इंग्रजी अमलात घराण्याकडे एक लहानसे संस्थान उरले. ढाल-तलवार भिंतीवर टांगली गेली. असेच अनेक घराण्यांचे झाले. कित्येकांनी मग शिकार, शर्यती व मेजवान्या यांत आयुष्ये घालविली. कारागीरही निराधार झाले. मिरजेचे शिकलगार पाहा. हत्यारांना गिऱ्हाईक नाहीसे झाले तेव्हा त्यांतील फरीदसाहेबांसारख्या हुशार माणसांनी तोच सफाईचा हात सतारी-तंबोऱ्यांकडे वळविला आणि मिरजेचे नाव गवयांच्या तोंडी कायमचे करून ठेविले. राजांमध्ये अशी दिशा ज्यांना सापडली ते थोडे. बाळासाहेब त्यांपैकी होत.

त्यांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ रोजी औंधास झाला. वडील श्रीनिवासराव ऊर्फ अण्णासाहेब हे धार्मिक वृत्तीचे व जुन्या शिस्तीचे गृहस्थ होते. बाळासाहेब हे वडील चिरंजीव नव्हते. गादी आपल्याकडे येईल असे त्यांस लहानपणी वाटण्याचे कारण नव्हते, आणि मला वाटते त्यामुळेच त्यांचे शिक्षण इतर राजपुत्रांच्या मानाने अधिक खरे झाले. पुण्यास डेक्कन कॉलेजात राहून ते १८९४ साली बी. ए. झाले. त्या काळी संस्थानिकांच्या मुलांत पदवीधर विरळा. पुढे १८९५ पासून ते वडिलांचे चिटणीस म्हणून कारभार पाहू लागले. दप्तर, जमाबंदी, रयतेचे अर्ज हे सारे त्यांनी गादीवर बसण्यापूर्वी बाजूच्या बैठकीवरून पाहिले होते. १९०१ साली वडील निवर्तले. त्यानंतर वडील बंधू व मग पुतणे असे गादीवर आले, आणि अखेर ४ नोव्हेंबर १९०९ रोजी, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, बाळासाहेबांस राज्याधिकार मिळाला.

राज्य ते केवढे! गावे बहात्तर, क्षेत्र सुमारे ५०० चौरस मैल, आणि तेही सलग नव्हे. औंधची पेठ एकीकडे, कुंडल दुसरीकडे, आटपाडीचा माणदेशी माळ तिसरीकडे, आणि गुणदाळचा तुकडा तर पार विजापूर जिल्ह्यात. एका तुकड्यातून दुसऱ्यात जावयाचे तर मध्ये इंग्रजी मुलूख अथवा परके संस्थान ओलांडावे लागे. पाऊस अपुरा, जमीन हलकी, उत्पन्न बेताचे. आज त्यातील औंध सातारा जिल्ह्यात आणि आटपाडी व कुंडल सांगली जिल्ह्यात आहेत.

राज्यारोहणास वर्षही पुरे झाले नव्हते तोच त्यांनी एक गोष्ट केली. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे औंधास देवीच्या मंडपाचे काम पाहण्यासाठी आलेले होते. बेळगावास त्यांचा लहानसा लोखंडी नांगरांचा कारखाना होता आणि तेथील जागा त्यांस सोडावी लागत होती. राजेसाहेबांनी त्यांस कुंडल रोड स्टेशनाजवळील माळ देऊ केला व वर कर्जाऊ रक्कमही दिली. निवडुंगाचा व सापाकिरड्यांचा तो माळ. १९१० साली तेथे किर्लोस्करवाडी वसली आणि तेथून निघालेले नांगर देशभर गेले. राजाने माळ दिला ही मोठी गोष्ट नव्हे, माळ पुष्कळांपाशी होते; माणूस ओळखला ही मोठी गोष्ट.

स्वतः राजेसाहेबांचा जीव मात्र चित्रांत होता. लहानपणापासून त्यांनी कुंचला हाती धरलेला. दरबाराचे काम आटोपले की ते चित्रे काढीत बसत, आणि चित्रकारांस औंधास आणून ठेवीत. १९१६ साली त्यांनी स्वतः काढलेल्या चित्रांचे रामायण प्रसिद्ध झाले. खरे सांगावयाचे तर ती चित्रे राजा रविवर्म्याच्या चित्रांच्या शेजारी टांगली तर फिकी दिसतात. भक्ती त्यांत भरपूर आहे, रेषा तितकी पक्की नाही. परंतु ज्यास स्वतः रेषा ओढून पाहण्याची खटपट करावी लागली आहे त्यास दुसऱ्याच्या रेषेची किंमत कळते. त्यांचा संग्रह चांगला झाला याचे मर्म मला येथेच दिसते. अजिंठा व वेरूळ यांवर त्यांनी पुस्तके लिहिली. अजिंठ्यावरील इंग्रजी पुस्तक १९३२ साली निघाले. ते कीर्तनही करीत. राजा गळ्यात वीणा घालून उभा राहिला आहे आणि समोर रयत बसली आहे, असा देखावा त्या काळच्या हिंदुस्थानात दुसरीकडे फारसा दिसला नसेल. १९३५ साली इंदूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढली, तिचे मूळ ह्याच चित्रवेडात आहे हे आपल्यापैकी पुष्कळांस ठाऊक नसेल. महाभारताची एक सचित्र आवृत्ती निघावी असे राजेसाहेबांच्या मनात आले. चित्रे काढावयाची तर मूळ कथा कोणती व मागाहून घुसडलेली कोणती हे आधी ठरले पाहिजे. त्यांनी १९१८ साली ही कल्पना संस्थेपुढे मांडली व एक लाख रुपये देण्याचे वचन दिले. १९१९ साली कामास आरंभ झाला, देशातील नाना लिप्यांतील पोथ्या गोळा करून ताडून पाहण्यात आल्या, आणि ते काम १९६६ साली पुरे झाले. तोवर राजेसाहेब हयात नव्हते आणि त्यांचे राज्यही नव्हते. ज्या राज्याचे उत्पन्न एखाद्या मोठ्या शहराच्या नगरपालिकेपेक्षाही कमी, त्याने एक लाखाचे वचन द्यावे यास धाडस म्हणावे की अविचार, हे ज्याने त्याने ठरवावे. ग्रंथ मात्र उभा राहिला.

सूर्यनमस्कारांविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण जुन्या माणसांस औंधचे राजे म्हटले की तेच आठवतात. राजेसाहेब रोज पहाटे नियमाने नमस्कार घालीत, उतारवयातही त्यांत खंड नसे. आपल्या शाळांतून त्यांनी ते सुरू केले, त्यांवर पुस्तके लिहिली, आणि १९३८ साली लंडनमध्ये त्यांच्या पद्धतीवर इंग्रजी पुस्तक निघाल्याने ही गोष्ट सातासमुद्रांपलीकडे गेली. औंधची शाळा गरिबांच्या मुलांस मोकळी होती. साने गुरुजी कोकणातून येथे शिकावयास आले व माधुकरी मागून राहिले. माणदेशातील ग. दि. माडगूळकर हेही येथलेच विद्यार्थी. वेदांचे पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर, जे स्वतः चित्रकार होते, ते १९१८ च्या सुमारास औंधास येऊन राहिले व पुढे जवळजवळ तीस वर्षे तेथून त्यांनी वेदांच्या संहिता छापल्या. एवढ्याशा गावात एकाच वेळी किती दिवे जळत होते याची यावरून कल्पना यावी.

१९३८ च्या अखेरीस राजेसाहेबांनी आपला राज्याधिकार प्रजेच्या हाती देण्याचा मनोदय जाहीर केला. चिरंजीव अप्पासाहेब पंत हे नुकतेच विलायतेहून शिकून आले होते. मॉरिस फ्रिडमन नामक पोलंडचा एक इंजिनियर, जो पुढे भारतानंद या नावाने ओळखला गेला, तो त्यांचा स्नेही. या दोघांनी सेवाग्रामास गांधीजींची भेट घेतली व त्यांच्या सल्ल्याने राज्यघटना सिद्ध झाली. जानेवारी १९३९ मध्ये ती अमलात आली. गावची पंचायत हा तिचा पाया होता. सत्तर वर्षांचा राजा, ज्याच्या घराण्याने अडीचशे वर्षे हुकूम केला, तो आपण होऊन हुकूम खाली ठेवतो, ही गोष्ट तेव्हा इतर संस्थानिकांस रुचली नाही यात नवल नाही. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे जन्मठेपेच्या कैद्यांची भिंतीवाचून वसाहत उभी राहिली ती याच वेळी. पुढे १९५७ साली व्ही. शांताराम यांनी ज्या बोलपटात सहा कैद्यांची कथा दाखविली तिचे बीज स्वतंत्रपुरात आहे. १९४२ च्या चळवळीत सातारा जिल्ह्यात जे पत्री सरकार उभे राहिले त्याच्या कार्यकर्त्यांस कुंडलसारख्या औंध संस्थानी गावांचा मोठा आसरा होता. इंग्रजी हद्द ओलांडून संस्थानी हद्दीत शिरले की क्षणभर श्वास टाकता येई. म्हातारे राजे व तरुण अप्पासाहेब यांनी त्यांकडे पाहून न पाहिल्यासारखे केले.

आता संग्रहालयाकडे वळू. औंधच्या डोंगरावर यमाईचे मूळपीठ आहे. त्या चढणीच्या वाटेवर, डोंगराच्या कुशीत, राजेसाहेबांनी श्रीभवानी संग्रहालयाची इमारत बांधविली. १९३८ च्या सुमारास ती उभी राहिली. पुण्यामुंबईस अथवा निदान साताऱ्यास ही इमारत बांधली असती तर पाहणारे विद्वान शंभरपट आले असते. पण देवीस जाणारा शेतकरी त्याच वाटेने जातो. दर्शन घेऊन उतरताना त्याने सहज आत डोकावावे अशी ती जागा आहे. वरून सूर्याचा उजेड चित्रांवर सौम्यपणे पडावा अशी दालनांची रचना आहे. आत रविवर्म्याची चित्रे आहेत, धुरंधरांची आहेत, जुन्या राजपूत व पहाडी कलमांची लहान चित्रे आहेत, युरोपातील थोर चित्रकारांच्या चित्रांवरून काढविलेल्या मोठमोठ्या नकला आहेत. हस्तिदंताचे व चंदनाचे कोरीव काम आहे. नकला जमविल्याबद्दल कोणी नाक मुरडतात. पण माणदेशचा कुणबी रोमला केव्हा जाणार होता? मूळ चित्र विकत घेण्यास राजाजवळ पैसा नव्हता आणि प्रजेजवळ आगबोटीचे भाडे नव्हते. मग नकल हाच एक प्रामाणिक मार्ग उरला.

या संग्रहात एक वस्तू मात्र नकल नाही, आणि तिच्यापाशी विलायतेहून आलेले जाणकारही थबकतात. ती म्हणजे इंग्रज शिल्पकार हेन्री मूर याने घडविलेली माता व बालक ही मूर्ती. चेहऱ्याचे नाकडोळे रेखीव नाहीत, अंगाचे उतार डोंगरासारखे, आणि मूल आईपासून निराळे काढता येत नाही इतके तिच्यात मिळून गेलेले. रविवर्म्याच्या झुळझुळीत पैठण्या पाहून आलेल्या माणसास ती प्रथम ओबडधोबडच वाटते.

या मूरची हकीकत येथे सांगण्यासारखी आहे. तो कोळशाच्या खाणीत काम करणाऱ्याचा मुलगा. १९२१ साली लंडनच्या कलाशाळेत शिकावयास आला तेव्हा वर्गात त्यास ग्रीक मूर्तींचे नमुने गिरवावे लागत. पण सवड मिळाली की तो ब्रिटिश म्युझियममध्ये जाऊन मेक्सिको, आफ्रिका आणि दक्षिण समुद्रातील बेटे यांच्या दालनांत तासन् तास उभा राही. मेलानेशियातील न्यू आयर्लंड बेटावरील लाकडी कोरीव कामाने, जेथे एका आकाराच्या पोटात दुसरा आकार कोरलेला असतो, त्याच्या मनावर फार परिणाम केला. आरंभी वर्णिलेल्या जडावाच्या ढाली ज्या बेटांवरच्या, त्यांचे हे शेजारचेच भाऊबंद. विद्वानांनी ज्या वस्तूंस रानटी लोकांचे नमुने म्हणून कपाटांत कोंबले होते, त्यांपासून एका खाणकामगाराचा मुलगा शिल्पविद्या शिकला, आणि त्या विद्येचे एक फळ महाराष्ट्रातील एका लहान संस्थानच्या डोंगरावर येऊन पोहोचले. १९४८ साली व्हेनिसच्या प्रदर्शनात मूरला आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळाले व जगभर त्याची कीर्ती झाली. ज्या मूर्तिकाराची मूर्ती आपल्या घरी असावी म्हणून मोठमोठी नगरे धडपडली, त्याची मूर्ती औंधास, बाजरीच्या रानांच्या वर, आजही आहे.

पौराणिक चित्रांचे व कीर्तनाचे वेड असलेल्या, जुन्या वळणाच्या या राजाने असले नवे शिल्प आपल्या संग्रहात का ठेविले असेल? माझा तर्क असा की माता व बालक हा विषयच त्यांस ओळखीचा होता. यमाई ही आईच. नाकडोळे नसले म्हणून आई ओळखू येत नाही असे थोडेच आहे? आमच्या गावोगावी शेंदूर फासलेला एक गुंडा देव होऊन बसतो. त्याला तरी नाकडोळे कोठे असतात!

८ मार्च १९४८ रोजी औंध संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. प्रजेस अधिकार देऊन नऊ वर्षे झालेली होती, म्हणून राजेसाहेबांस सोडावयाचे असे फारसे उरले नव्हते. इतर संस्थानांत त्या दिवसांत खजिने, जवाहीर व जुनी हत्यारे वाड्यांतून निघून व्यापाऱ्यांच्या हाती गेली. कित्येक घराण्यांच्या ढाली-तलवारी आज परदेशी लिलावांत पाहावयास मिळतात. औंधचा संग्रह मात्र जागचा हलला नाही. तो पुढे सरकारच्या पुराणवस्तू खात्याकडे आला. राजेसाहेब १३ एप्रिल १९५१ रोजी, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, वारले.

संग्रहालयाजवळ आता गाड्या जाण्याची सडक आहे, तरी पौष महिन्यात यमाईची यात्रा भरते तेव्हा पायी चढणारे लोकच अधिक असतात. उतरताना ते आत येतात. कोणी रविवर्म्याच्या चित्रापुढे हात जोडतात, मुले हस्तिदंताच्या कपाटाशी नाके लावून उभी राहतात, आणि एखादी म्हातारी मूरच्या त्या मूर्तीपाशी क्षणभर थांबून, तीत आई कोठे संपते व मूल कोठे लागते हे बोटाने शोधीत, पुढच्या दालनात जाते.